गा आणि ता

आता माझ्याकडे तेवढेच आवाज येतात
ज्यांच्याबद्दल यंत्राला खात्री नसते.
बाकीच्यांचे गुण ते स्वतःच देऊन टाकतं,
माझी किटली उकळेपर्यंत दोनशे जणांचे.
टार्टूतल्या या खोलीत आम्ही सहा परीक्षक होतो.
पाच खुर्च्या कुणीतरी नेल्या.
सहावीवर मी, कानांवर हेडफोन.

आज नार्वाहून तैसिया.
वय त्रेसष्ट, बंद पडलेल्या गिरणीत सूत कातायची.
नदीपलीकडे दुसरा देश, तिकडची भाषा तिच्या तोंडात,
इकडची नागरिकत्वाच्या अर्जापुरती.
प्रश्न सोपा: तुमची सकाळ कशी असते?

ती सांगते, सहाला उठते.
खिडकी उघडते.
चहा पिते, मेहेगा.
म्हणजे नवऱ्यासह.

पडद्यावरची रेघ सपाट.
एक. दोन. तीन. चार.

मग हळूच: मेहेता.
नवऱ्याविना.

आमच्याकडे विभक्ती चौदा.
नसण्याची तेरावी, सोबतीची चौदावी,
एकमेकींना खेटून बसलेल्या,
मध्ये फक्त एका व्यंजनाची भिंत.

यंत्र विचारतं: चूक, की दुरुस्ती?
विराम प्रमाणाबाहेर. ओघ: दोन.
एकूण अठ्ठावन्न. साठ लागतात.

मी यंत्राला नावं ठेवत नाही.
एका फेब्रुवारीत माझी दाढ ठणकत होती
आणि लुकेर्या नावाच्या विणकर बाईला
मी एका प्रत्ययावरून परत पाठवलं.
तिने हातमोजे चढवले, मला 'आभारी आहे' म्हणाली,
अगदी अचूक.
यंत्राला दाढ नसते.
साडेचारची गाडी पकडायची नसते.

आणि तैसिया शिकली तीही फोनमधल्या मास्तराकडे.
अर्जात 'भाषा कुठे शिकलात' या रकान्यात तिने लिहिलंय:
वर्गात मला लाज वाटते. हा रात्री दोनलाही हसत नाही.
एकच वाक्य एकोणचाळीस वेळा म्हणवून घेतलं,
एकदाही सुस्कारा टाकला नाही.

मी सातव्या वेळेला घड्याळाकडे बघायचे.
बाईंचं घड्याळ कुठल्या हातात असतं
हे वर्गातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

त्या मास्तराचे धडे मी चाळून पाहिले.
अकरावा धडा, हसरं कुटुंब, टेबलावर पाव:
मी चहा पिते, नवऱ्यासह.
हेच वाक्य. एकोणचाळीस वेळा.
विनाचं उदाहरण पुढे, सोळाव्या धड्यात.
तिथे फक्त साखर आहे.
कॉफी, साखरेविना.

म्हणजे मेहेता तिला कुणी शिकवलं नव्हतं.
साखरेचा प्रत्यय उचलून
नवऱ्याला तिने स्वतः लावला,
परीक्षेच्या खोलीत, चार सेकंदांत.

आता चौकटीत कारण लिहायचं, दोनशे अक्षरांत.
मी लिहिते ते यंत्र वाचतं, उद्यापासून तसं वागतं.
मी लिहिलं, 'हे थांबणं दुःखाचं आहे',
की परवा प्रत्येक थांबण्याला दोन गुण,
आणि तेरवा क्लासवाले मुलांना
चार सेकंद गप्प बसायला शिकवतात,
डोळे खाली, मग हळूच शब्द.
शिकवतातच. मी ओळखते त्यांना.
त्यांतले दोघे माझेच विद्यार्थी.

म्हणून एवढंच लिहिते:
दुरुस्ती. स्वतः केलेली. बरोबर.
ओघ: पाच.
बेरीज एकसष्ट होते.
चहा केव्हाच गार झालाय, तसाच पिते.

आमच्या भाषेला भविष्यकाळही नाही.
उद्याचं सगळं आजच्याच क्रियापदात कोंबावं लागतं.
तैसिया उद्या पास होते.
उद्या सहाला उठते, खिडकी उघडते,
चहा पिते.