आणखी एक

पॉलिसीच्या चौदाव्या पानावर मी आहे.
नावानं नाही. तिथं नुसतं लिहिलंय:
पॅनेल उघडं असेल तोवर
आणखी एक प्रशिक्षित व्यक्ती हजर असावी.
विनिपेगला दोन दिवसांचा कोर्स, एक प्रमाणपत्र,
आणि डुकरं विकून मोकळा झालेला, बहात्तर वर्षांचा मी
माझ्या लेकीचा आणखी एक झालो.

काम सोपं. चार पावलं मागं उभं राहायचं,
हातात फायबरचा लांब आकडा,
माणसाच्या कमरेत बसेल एवढा.
ती चिकटली तर हात लावायचा नाही,
बाप असलो तरी नाही, हे कोर्समध्ये तीनदा सांगितलं.
आकडा घालायचा आणि ओढायचं.

मार्लीज आधी हातमोजे तपासते.
रबराची कड गुंडाळत आत हवा कोंडते,
फुगलेली बोटं गालाशी धरते,
कुठून सुस्कारा येतोय का.
तिची आई पाळण्यावर अशीच वाकायची.
मग वर चामड्याचे. मग चाळीस कॅलरींचा सूट.
चाळीसमध्ये पावाचा तुकडाही येत नाही, मी एकदा म्हणालो.
ती हसली नाही.
शेवटी टोप, हिरवट काच,
आणि माझी लेक आत कुठेतरी दिसेनाशी होते.

आज उणे एकतीस. आल्टोनाच्या पुढची पशुखाद्याची गिरणी.
पहिल्या पॅनेलमध्ये मधल्या फेजचा जोड
स्क्रीनवर पांढराशुभ्र: चौऱ्याण्णव अंश.
शेजारचे दोघे अठ्ठावीसवर गार.
नुसत्या डोळ्यांना तिघे सख्खे भाऊ.
दुसऱ्यात तांब्याच्या पट्टीवर एक नारिंगी डाग हलतो.
मी आकडा घट्ट धरतो.
"मागे हो, पापा. उघडं तांबं आरसा असतं.
तो तू आहेस."

तिसऱ्याची किल्ली सापडत नाही.
त्यात काही नसतं, मॅनेजर रेम्पल म्हणतो,
ठीक आहे म्हणून टाक लिहून.
ती लिहिते: कपाट तीन उघडता आलं नाही. पाहिलेलं नाही.
पेन जरा दाबूनच लिहिते.
"एवढा अविश्वास? आपल्या आजोबांनी
एकमेकांची कोठारं बांधलीत, मार्लीज."

खरं आहे ते.
मी नऊ वर्षांचा असताना आमचं कोठार जळालं.
रविवारी चर्चमध्ये वही फिरली,
कुणी तुळया लिहिल्या, कुणी खिळे,
कुणी नुसतेच दोन हात.
पेरणीच्या आत छप्पर उभं राहिलं.
ना हप्ता, ना वकील, ना कुणाच्या अंगाशी काही आलं.
पिलांवरचा उबेचा दिवा पेंढ्यात कसा आला,
कुणी विचारलं नाही.

परतीला ट्रकमध्ये सूट आमच्यामध्ये बसलेला,
अजून तिच्या घामानं ओला.
मी तिची पॉलिसी चाळतो, वेळ जात नाही म्हणून.
पहिल्या पानावर ठळक:
चुका आणि राहून गेलेल्या गोष्टी.
असं नाव असतं होय विम्याला.
मला वाटलं होतं हे फक्त प्रार्थनेत म्हणतात.

बर्फ आडवा येतोय, रस्ता असल्याचं अंदाजानं धरायचं.
मी सांगून टाकतो.
दिवा मीच खाली ओढला होता.
एक पिलू थरथरत होतं.
तुझ्या आजोबांना नाही, तुझ्या आईला नाही,
कुणालाच सांगितलं नव्हतं.

वायपर पुष्कळदा जातात, येतात.
ती पुढचाच रस्ता बघत असते,
डोळ्यांत तेल घालून, पॅनेलकडे बघते तशी.
"पॉलिसीत बसत नाही ते," ती म्हणते,
"सुरू होण्याआधीचं धरत नाहीत."

आणि हीटरची जाळी
माझ्या बाजूला वळवते.