डावा हात

वाळपईच्या इस्पितळात, पुरुषांच्या वॉर्डात,
खिडकीकडच्या तिसऱ्या खाटेवर
माझा डावा हात उशीवर असतो,
पंगतीत पान मांडून ठेवावं तसा.

पायाला मधुमेहाची जखम. तिला बरं व्हायची घाई नाही,
मलाही नाही.
कदंबच्या बसमध्ये एकतीस वर्षं उभा होतो,
आता पडून राहतो.

सोमवारी शिकाऊ मुलांची तुकडी आली.
सहा पोरी, दोन पोरगे,
गणवेशावरच्या घड्या अजून दुकानातल्या.
त्यातली एक विजेता झरमेकर,
तिच्या गावाला बस दिवसातून दोनदा,
दुसरी माझी असायची.
तिच्या आजोबांचं तिकीट मी फाडलं असणार,
काखेतल्या कोंबड्याचं अर्धं.

तिनं रबरी पट्टा आवळला. मूठ मिटा, म्हणाली,
आणि स्वतःचीच मिटली.
पहिल्यांदा शीर घसरली.
दुसऱ्यांदा डाग उठला, पिकल्या जांभळाएवढा.
तिसऱ्यांदा तिच्या वरच्या ओठावर घाम.
"दुखता?"
"ना गो," मी म्हणालो.
इतकं सराईत खोटं मी
तिकीट तपासनिसाशीही कधी बोललो नव्हतो.

सिस्टर एस्पेरांसा मागे उभी होती.
ओरडली नाही. सुईही काढून घेतली नाही.
फक्त आपलं बोट टेकवलं तिच्या बोटाशेजारी
माझ्या कातडीवर.
"डोळ्यांनी शोधू नको, डोळे घाबरट असतात.
दाब. सोड.
परत वर येते ती शीर."
चौथ्यांदा नळीत एक लाल थेंब चढला
आणि पोर अशी हसली
जणू विहिरीला पाणी लागलं.

मग माझ्याकडे गिऱ्हाईक वाढलं.
कानात नळ्या खुपसून रक्तदाब मोजतात,
एकाला एकशेचाळीस ऐकू येतो, दुसरीला एकशेदहा,
मी दोघांनाही मान डोलावतो.
पट्टी बांधतात, सोडतात, परत बांधतात.
डॉक्टर फळदेसाय विचारतात, जखमेला वास कसा येतो?
पुस्तकाला वास नसतो.
आठही डोकी माझ्या पायावर वाकतात.
मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.
मग वाटतं, असू दे. वाका.

काजूच्या दिवसांत माकडताप आला.
एका रात्री रानातून आणलं धाकू झोऱ्याला,
अंगाची भट्टी, जीभ लाकडासारखी,
हातांना अजून बोंडूंचा वास.
वीज गेलेली, जनरेटर नुसता खोकत होता,
सिस्टर पलीकडच्या टोकाला एका म्हाताऱ्याच्या छातीवर वाकलेली.
विजेतानं बॅटरी दातांत धरली. उजेड थरथरत होता.
तिनं डोळे मिटले.
दाबलं. सोडलं.
इकडे माझ्या खाटेवर मी
डाव्या हाताची मूठ घट्ट आवळून बसलो,
तिचा उपयोग काय होता, देव जाणे.

सलाईनचा थेंब पडला. मग बराच वेळ काहीच नाही.
मग दुसरा.

धाकू वाचला का, विचाराल.
सकाळी त्याला बांबोळीला नेलं. पुढचं मला माहीत नाही.
आमच्या वॉर्डातल्या कितीतरी गोष्टींचे शेवट
दुसऱ्याच इस्पितळात होतात.

तुकडी गेली त्या दिवशी विजेता आली,
माझ्या कोपराच्या खळगीतली बारीकशी गाठ चाचपून म्हणाली,
"ही माझी."
मी म्हटलं, "तिकीट जपून ठेवलंय."

आज नवी आठ जणं दारातच घुटमळतायत,
एकमेकांच्या पाठीमागे लपत.
सिस्टर माझ्याकडे बघते. विचारत नाही.
मी बाही वर करतो,
आणि एकतीस वर्षांचा तो जुना आवाज
आपोआप घशात येतो:
"फुडें सरा रे, फुडें सरा!
मधें जागो आसा."