खडूची खूण

निवृत्तीनंतर लोक काशीला जातात,
मी मलावीला गेले.
भाच्याने मोबाइलवर नकाशा दोन बोटांनी ताणला :
हे निळं दिसतंय ना मावशी, समुद्र नाही तो,
तळं आहे.

तळं कसलं! पलीकडचा काठ दिसत नाही.
पाणी गोडं. भरती नाही, ओहोटी नाही,
पहिले आठ दिवस मला कळेचना किती वाजले.

बॅगेत संस्थेने सांगितलेलं सगळं, वर अर्धा किलो आमसुलं.
विमानतळावरच्या पोराने पुडी हुंगली
आणि माझ्याकडे असं पाहिलं, की म्हटलं,
अरे बाबा, पोटासाठी असतं.

तिथे काठावर बांबूच्या मांडवांवर उसिपा वाळत घालतात,
टाचण्यांएवढी मासळी.
आपला जवळा जमिनीवर, त्यांची कमरेएवढ्या उंचीवर.
वास तोच. डोळे मिटले की बाणकोट.

चिकोंदी तिचं नाव. दोन पोरं गेलेली, तिसरं मांडीवर.
मी मीठ-साखर-पाणी शिकवायला आलेली.
तिने शेजारून खुर्ची आणली, पदराने पुसावी तशी चितेंजेने पुसली.
मी चटईवर बसले.
तिच्या मडक्यातलं पाणी उकळून, निववून
तिच्याच मगातून प्याले.
त्याचा फोटो आहे.

त्याच फोटोचा बॅनर लागला बाणकोटच्या धक्क्यावर.
शाल, श्रीफळ. सरपंच म्हणाले,
आपल्या सुहासिनीबाई पार दक्षिण आफ्रिकेत जाऊन...
मी दोनदा हळूच म्हटलं, मलावी.
माईकने घेतलं नाही.

गर्दीच्या मागे, सुरूखाली, बायजी उभी होती
डोक्यावरची मोळी दोन्ही हातांनी धरून.
टाळीला हात मोकळे नव्हते तिचे.

कातकरवाडी काही खाडीपलीकडे नाही.
सडा चढलं की चिऱ्याची बंद खाण,
तिच्या मागे सतरा घरं. माझ्या दारापासून पंचवीस मिनिटं.
एकतीस वर्षं चढले मी ती,
लशीचा डबा खांद्याला.
दोन थेंब, डाव्या करंगळीला शाई,
कुडावर खडूने खूण, तारीख,
पुढचं घर.
आत बसले नाही कधी.
घाई असायची, हे खरं.
घाई नसती तरी...
तेही खरं.

परवा गेले. डबा नाही, शाई नाही,
पिशवीत नुसता वजनकाटा, झोळीवाला.
बायजीची नात अडीच वर्षांची. भरली सात किलो दोनशे.
आकडा मी मोठ्याने वाचला नाही.

"तिकडं जायला किती पडलं?"
संस्थेने दिले, मी म्हटलं, आणि आकडा सांगितला.
ती बोटांवर काहीतरी मोजत राहिली.
"तीन सालांची उचल झाली की भट्टीवरची."
रागाने नाही. हिशेब म्हणून.
मग म्हणाली, "तिकडं पानी?"
समोर तळं आहे, समुद्राएवढं.
"तरी बी पोरं जातात?"
तरी बी.
ती हसली जराशी, ओळखीचं कुणी भेटावं तशी.

तेव्हा दिसलं,
कुड ताजा सारवलेला, आणि मधोमध वीतभर जागा कोरडी, जुनी.
त्यात माझं अक्षर. पुसट तारीख,
कुठल्या सालची, मलाही लागेना.
"सरकारचं लिवलेलं," बायजी म्हणाली,
"पोरी तेवढं सोडून सारवतात."

मला काय सुचलं कोण जाणे,
म्हटलं, बायजी, पाणी दे गं.

ती उठली. पेला घेतला,
चुलीतली राख घेतली,
उंबऱ्याबाहेर बसून घासू लागली.
विसळला. उन्हात धरून पाहिला.
पुन्हा राख घेतली.

अगं पुरे, मी म्हणाले.
तिने ऐकलं नाही.
तिसऱ्यांदा घासतेय.