दुसरा रकाना

अप्पा बळवंत चौकाच्या मागे, नारायण पेठेत,
बाइंडिंगच्या दुकानाला लागून माझं टेबल.
सहापर्यंत एक तक्ता तपासून द्यायचाय:
जगाचे विभाग, आणि प्रत्येकापुढे
साक्षर पुरुष, साक्षर स्त्रिया.
लाल पेन. ओळीखाली पट्टी सरकवत जायचं.

युरोपात दोन आकड्यांमध्ये नखसुद्धा शिरणार नाही.
लॅटिन अमेरिकेत खांद्याला खांदा.
मग पट्टी खाली येते,
सहाराच्या दक्षिणेला, आपल्या दक्षिण आशियात,
आणि दुसरा आकडा मागे पडतो,
झपाझप चाललेल्या नवऱ्यामागून
कडेवर पोर, हातात पिशवी घेतलेल्या बाईसारखा.

पलीकडे अंजिराबाई फर्म्यांना घड्या घालतायत.
त्यांचीही एक पट्टी आहे, हाडाची, घडी दाबायला.
एकोणीस वर्षं. अक्षर एक येत नाही,
पण उलटं पान हातून कधी सुटलं नाही.
कसं कळतं, विचारलं होतं एकदा.
"माणूस डोक्यावर उभा राहिला, तर
नाव ठावं नसलं तरी कळतंच की."

"आज काय एवढं बघताय?"
जगातल्या किती बायांना वाचता येतं, ते, मी म्हणालो.
"मग मी हायेच त्यात."

म्हणजे?

शिरगणतीचे मास्तर आले तेव्हा ह्या इथे, कामावर.
शेजारचे दारात उभे, म्हणून नवऱ्यानं
सांगून टाकलं: येतं हिला. पेपर वाचते.
रात्री त्यानं हसत हसत सांगितलं.
तव्यावरची भाकरी तेवढी करपली.

मूळ प्रतीशी ताडून बघायचं, एवढंच माझं काम.
आकडा बरोबर होता.
दशांशचिन्हाच्या उजवीकडे, फार आत कुठेतरी
जनता वसाहतीतल्या अंजिराबाई
मांडी घालून बसल्या होत्या.

"चूक असंल तर खोडा,"
आणि जरा थांबून,
"नाहीतर ऱ्हाऊ द्या. एवढ्यात नका खोडू."

कोपऱ्यात मी सही केली.
त्या वाकून बघत होत्या.
"ही शेपटी कशाची?"
उकाराची.
"माझ्या नावात हाये का?"
नाही. तुमच्यात वेलांटी. डोक्यावरून येते.
"पदरावानी?"

तेवढ्यात मशीनवरून हाक आली,
तक्ता झाला का म्हणून.
त्यांनी पुढचा फर्मा ओढला,
घडी घातली, उलटून बघितली.
सुलटी होती.