घरघर की खरखर

"आता नीट सांग," टॉर्गनी म्हणतो, "घरघर की खरखर?"
एकतीस वर्षं लाकडाच्या गिरणीत काढून
त्याच्या कानांत फक्त जाडेभरडे आवाज उरलेत,
बारीक सगळे भुश्याबरोबर उडून गेले.
म्हणून गाडी मी चालवते, ऐकते मी,
आणि तो माझ्या तोंडाकडे बघत बसतो.

सोर्सेलेच्या बाहेर, नदीला धरून जाणारा रस्ता.
मे उजाडलाय, कडेला अजून मळका बर्फ.
सहासष्टची अ‍ॅमेझॉन, बाटलीसारखी हिरवी, आईची.
अकरा हिवाळे गोठ्यात उभी होती,
सीटखाली उंदरांची बाळंतपणं झाली.
इंजिनाला मार्चमध्येच कंठ फुटला.
आता गिअरबॉक्स गप्प बसत नाही.

पहिला: घरघर.
दुसरा: घरघर, थोडी वरच्या पट्टीत.
तिसरा: तीच, शिवाय पाय जरा उचलला
की दांडा खाट्‌कन न्यूट्रलमध्ये.
चौथा: काही नाही.
"काही नाही म्हणजे?"
म्हणजे टायर, वारा, तुझं नाक.

त्याला एवढं पुरतं.
"खरखर असती तर दात गेले म्हटलं असतं.
घरघर म्हणजे बेअरिंग. खालच्या शाफ्टचं.
चौथ्यात जोर सरळ आरपार जातो,
खालचा शाफ्ट फिरतो, पण अंगावर ओझं नसतं.
दुखणं असतंच तिथे. कण्हत नाही इतकंच."

तरी खात्री करायची म्हणून
गाडी खड्ड्यावर उभी, इंजिन चालू,
तो खाली उतरतो झाडूचा दांडा घेऊन.
एक टोक गिअरबॉक्सच्या पोटाला, दुसरं जबड्याच्या हाडाला.
"क्लच दाब." दाबला.
"सोड." सोडला.
"दाब."
डोळे मिटून, तोंड अर्धवट उघडं,
जणू खालून कुणी त्याला काहीतरी सांगतंय
आणि मध्येच तोडायचं नाही.

तेल काढलं ते भाजायच्या ट्रेमध्ये.
काळं, आणि त्यात पितळेची झिलई,
सणाच्या दिवशी कुणी गालांना लावावी तशी.
फ्रिजवरचं रेनडिअरचं चुंबक बुडवलं.
पितळ त्याला दाद देईना.
पण रेनडिअरला पोलादी केस फुटले,
बारीक, उभे, थंडीतल्यासारखे.

शनिवारी पेटी उघडली.
सुईएवढे रोलर, त्यातले चार मोडलेले,
शाफ्टवर देवीच्या व्रणांसारखे खड्डे.
"बोललो नव्हतो?" असं टॉर्गनी म्हणाला नाही.
तो दुसरंच काही उजेडात धरून बसला होता:
तिसरा-चौथा सरकवणारा काटा,
एकाच बाजूने झिजलेला,
जुन्या उंबऱ्यासारखा.

"हिला हात दांड्यावर ठेवून चालवायची सवय होती का?"

होती.
तालुक्याची नर्स. अम्मारनेसपर्यंत एकटी जायची,
टाके काढायला, म्हाताऱ्यांचे पाय बघायला.
सुट्टीत मी शेजारच्या सीटवर.
डावा हात चाकावर, उजवा गिअरच्या मुठीवर,
शंभर किलोमीटर जायला, शंभर यायला.
माझा गुडघा तिथून वीतभर.
मला वाटायचं, गिअरला धरून ठेवावंच लागतं.

"लागत नाही," टॉर्गनी म्हणाला.
"नुसत्या हाताचं वजन. किती असेल?
पण काटा सारखा कडेला घासत राहतो. वर्षानुवर्षं."
मग माझ्याकडे बघून
त्याने चिंधी उचलली आणि विनाकारण
स्वच्छच असलेला पाना पुसत बसला.

बेअरिंग गोथेनबर्गहून आलं,
काटा उमेओच्या एका भंगारवाल्याकडून,
दुसऱ्या कुणाच्या गाडीतला, न झिजलेला.

जूनमध्ये पुन्हा तोच रस्ता.
तिसरा टाकला, पाय उचलला.
टिकला.
पुन्हा उचलला. टिकला.
"काय ऐकू येतंय?"
काही नाही, मी ओरडले,
चारही गिअरांत काही नाही!
तो समोर बघत होता. नदीला पूर आलेला.
मग, मान न वळवता,
त्याने माझ्या उजव्या हातावर चापट मारली.
तो कधी तिथे जाऊन बसला होता,
मला कळलंच नव्हतं.