मुक्काम नाईल नदी

बर्डीवर जिन्याखालच्या कोनाड्यात माझं रेमिंग्टन.
पानाला दोन आणे, कार्बन कॉपीचा एक आणा वेगळा.
तिथं दर बुधवारी, बाजार उरकून,
कळमेश्वरकडचे आडकूजी बोंदरे यायचे,
धोतराला कापसाचे तंतू चिकटलेले,
आणि बसायच्या आधीच सांगू लागायचे:
“लिव्हा बावा. इजिप्तच्या कास्तकारायले रामराम.”

कोणत्या कास्तकाराला? नाव? पत्ता?
“नाव मले काय मालूम. असन कोणी.
लिव्हा, कास्तकार, मुक्काम नाईल नदी.”

मी मॅट्रिक. माझं इंग्रजी अर्जापुरतं,
रजा, बदली, आपला नम्र सेवक.
रामरामाला शब्द सापडेना,
तो तसाच रोमन लिपीत ठोकून दिला.

त्यांचं म्हणणं असं, की भाव लिव्हरपूलला ठरतो.
मुंबईचा दलाल तिथल्या दलालाशी तारेनं बोलतो,
रोज बोलतो, त्याच्या पोरीच्या लग्नाला आहेर धाडतो.
आणि पऱ्हाटी वेचणारे आपण
टेक्ससला पाऊस दडला असं ऐकलं की
मनातल्या मनात हसतो.
“हे हसू वंगाळ हाये. त्यानंच बुडवलं आपल्याले. लिव्हा.”

मी हसूच्या जागी एक भारदस्त शब्द टाकला.
इंग्रजी न येणाऱ्या त्या माणसानं कागद पाहिला,
बोटानं शब्द मोजला.
“लय लंबा झाला. हसू एवढं लंबं नसते.”

चौदा पत्रं गेली.
नऊ परत आली, इतक्या शिक्क्यांनी माखून
की पोस्टमननंच विचारलं, हे कुठं कुठं हिंडून आलं?
मग जानेवारीत स्पेनहून एक लिफाफा.
आत चिठ्ठी नाही. नाव नाही.
संत्र्याचं एक वाळलेलं पान, वरून काळं.

आडकूजींनी ते उजेडात धरलं.
बोटाला थुंकी लावून घासलं. काळं बोटावर आलं.
“कोळशी!”
इतका खूश माणूस मी बर्डीवर पुन्हा पाहिला नाही.
“त्यायच्याही झाडाले हाये! आपलेच लोक हायत!”
येणाऱ्या सायकलवाल्याला थांबवून
त्यांनी त्याला ते काळं बोट दाखवलं.

चैत्रात त्यांनी जगाच्या कास्तकारांची बैठक भरवली.
महालातल्या शाळेचा सुट्टीतला वर्ग,
सात बाकांवर खडूनं सात देश.
काटोल, सावनेर, नरखेडकडून मिळून अकरा जण आले,
त्यातला एक बैलांची लस समजून.
सगळे भिंतीशी उभे. बाकांवर कोणी बसेना.

“जागा खाली काहून ठेवता?” आडकूजी म्हणाले.
“ते येऊ नाही शकले. त्यायच्या वतीनं कोणी तं बोला.”

नरखेडचे झिंगरूजी चाचरत ब्राझीलवर टेकले.
“आमच्या ब्राझीलात... मजुरी काय हाये, देव जाणे.
पण बायको तं असनच.
तिचं बोट बोंडानं फाटत असनच.”
मग खोली हळूहळू भरली.
लसवाला मागं कुठंतरी जाफा झाला.
आणि अमेरिकेच्या बाकावरून काटोलचा एक पोरगेला माणूस उठला,
इजिप्तकडे वळला, टोपी काढून हातात घेतली.
“तुमच्याकडं किडीनं पीक खाल्लं, तवा आमी हासलो होतो.”

इजिप्त सावनेरचे होते. वयस्कर. कमी बोलणारे.
बाहेर टांगा गेला, तो जाईपर्यंत गप्प राहिले.
मग म्हणाले, “जाऊ द्या,”
आणि कमरेची चंची काढून अमेरिकेपुढे धरली.

वृत्तान्त मला टंकायचा होता.
उपस्थिती किती लिहू? मी विचारलं.
“सात देश.”
खोटा कागद मी कधी ठोकला नाही.
म्हणजे, फार नाही.
बोटं यंत्रावर जरा थांबली, मग चालली.
खाली चहाचा हिशेब: अकरा कप, एक फुटला.

कार्बन कॉपी मी माझ्याकडे ठेवली.
तिचा आणा लावला नाही.