किटलीच्या पोटात

एस्कीशहीरला, पोर्सुक नदीच्या अलीकडे,
बालवाडीची मागली खोली.
खरं तर चहाची, प्रयोगापुरती मागून घेतलेली.
भिंतीवर बदकांची रांग,
त्यातल्या एकाची चोच कुणीतरी नखानं खरवडलेली.
टेबलावर पडदा. पडद्यामागे निलुफर, बाईंची विद्यार्थिनी,
हातात कापडी कोल्हा.

कोल्हा पेला पाडतो.
कधी पडद्याच्या अलीकडे, मुलाच्या डोळ्यांदेखत,
कधी पलीकडे,
आणि मग नुसतं पाणी येतं पडद्याखालून, हळूहळू.
मुलानं सांगायचं, काय झालं.
एवढंच.

एवढंच कसं?
तुर्कीत क्रियापदाला साक्ष द्यावी लागते.
पडताना पाहिला असेल तर देवरिल्दी.
मागाहून कळलं, कुणी सांगितलं,
ओल बघून ताडलं, तर देवरिल्मिश.
आपण 'म्हणे' लावतो, तेही आठवलं तर,
वरून मीठ भुरभुरावं तसं.
तिथे ते कणकेतच मळलेलं.
'पडला' म्हणायला तोंड उघडलं
की जीभच विचारते, तू कुठे होतास?

मोठ्यांना ते नकळत जमतं.
पोरांना केव्हा जमतं, हे मोजण्यात
मुबेज्जेल बाईंची अकरा वर्षं गेली,
आणि एक नवरा.
जाताना म्हणाला होता,
तू माझं कधी ऐकलंच नाहीस,
ऐकलेस ते माझे प्रत्यय.

पोयराझ. वय चार वर्षं सात महिने.
नाक वाहतंय, एका पायात मोजा नाही.
पडद्यामागे पेला पडतो.
देवरिल्दी, तो म्हणतो.
फुली.
पुन्हा पडतो. देवरिल्दी. फुली.
सहापैकी सहा.
नजर टिपणारं यंत्र सांगतं,
पोरगं पडद्याकडे बघतच नव्हतं,
डावीकडे, वर, भलतीकडेच कुठेतरी.
बाई शेरा लिहितात :
लक्ष नाही. प्रत्यय अजून आलेला नाही.

रात्री घरी, गार झालेल्या मसूर सुपासमोर,
तीच चित्रफीत तिसऱ्यांदा.
नजरेचा लाल ठिपका
डावीकडे जातो, वर चढतो,
फळीवर टेकतो,
फळीवरच्या किटलीवर.
हुर्मुझ बाईंची किटली,
राखेनं घासून घासून आरसा केलेली.
बाई चित्र थांबवतात. मोठं करतात. आणखी मोठं.

किटलीच्या पोटात
बोटभर निलुफर,
नखाएवढा कोल्हा,
आणि तांदळाच्या दाण्याएवढा पेला
कलता, कलता, आडवा.

बाई हसतात, एकट्याच, मोठ्यानं.
मग हसू जिथल्या तिथे राहतं.
त्या आठवड्यात चौतीस पोरं बसली होती त्या खुर्चीवर.
कितींनी वर बघितलं?
किती खरं बोलली
आणि किती फुल्या पडल्या
या हातानं?

सकाळी त्या पोयराझशेजारी उकिडव्या बसतात.
काल पेला पडला ना, तो तुला कुठे दिसला?
पोयराझ बदकाची चोच खरवडतोय.
किटलीत का रे?
तो विचार करतो. खूप करतो.
कोल्ह्याला भूक लागली होती, म्हणतो,
आणि मलाही लागलीय.

संध्याकाळी नोंदवहीत एक वाक्य लिहायचं उरतं :
त्यानं पाहिलं.
धातू उतरतो कागदावर, ग्योर्,
आणि पेन तिथेच अडतं.
त्याचं पाहणं कुणी पाहिलंय?
ठिपका पाहिला. किटली पाहिली.
म्हणजे पडद्याखालून आलेलं पाणीच की,
फक्त या वेळी खुर्चीत आपण.

ग्योर्म्युश, त्या लिहितात.
सहा फुल्या खोडतात, जोर लागून कागद फाटतो थोडा.

फळीवरची किटली हलवा,
असं हुर्मुझ बाईंना सांगायचं ठरलं होतं.
सांगत नाहीत.
टेबलच फिरवून घेतात.